आप्पांचा रुसवा

आप्पांच्या शोकसभेत माझ्या वडिलांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आप्पांचं अल्पशा आजारानं निधन झालं." त्यांच्या मागून बोलायला उठलेल्या प्रत्येकानं तेच म्हटलं. एकानं "घशाचा त्रास होता" एवढी भर घातली. कोसाडच्या आमच्या कॉलनीत आजही कोणाला विचारा, हेच ऐकायला मिळेल. आजार अल्पसा नव्हता आणि घशाचाही नव्हता. आप्पांना तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि तो माव्यानं झाला होता. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोळून गाठ मारलेला. सुरतेत पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, कुठेही मिळतो तो.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते, मग आप्पांचं खरं काय ते सांगताना मान खाली कशाला घालू? तरी लिहिताना लाज वाटतेच. ती आप्पांची नाही. ज्या माणसाला स्वतःचं दुखणं आम्हाला सांगण्यापेक्षा भर मांडवात हसं करून घेणं सोपं वाटलं, त्या माणसाभोवती राहणाऱ्या आम्हा सगळ्यांची आहे.

आप्पा आमच्या खालच्या घरात राहायचे, मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि कडोदऱ्याला संच्यांच्या खात्यात लागले. संचा म्हणजे यंत्रमाग, खातं म्हणजे कारखाना. त्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली, डावा कान गेला, आणि आवाज कायमचा मोठा झाला. आप्पा कुजबुजले तरी तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. आमच्या घराची कडी ते कधी वाजवायचे नाहीत. खालूनच ओरडायचे, "ग्रॅज्युएट! काय करी राहिनी व?" मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी पास झाले त्या दिवशी त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले होते, माझ्या वडिलांच्या आधी.

दर रविवारी विहारात वंदना घ्यायचे ते आप्पाच. विहार म्हणजे कॉलनीच्या टोकाला पत्र्याची एक खोली. पांढरा शर्ट, पांढरी पँट, केस पाण्यानं चापून बसवलेले. पंचशील दिल्यावर प्रत्येक शीलाचा अर्थ ते घरच्या भाषेत सांगायचे. पाचव्या शीलापाशी आले की आवाज आणखी चढायचा. "दारू तर आलीच. पण पुडी आली, बिडी आली, मावा आला. नशा ती नशा!" मागच्या रांगेतला एखादा पोरगा गालातली गोळी थुंकायला हळूच बाहेर सटकायचा. परत आला की आप्पा सगळ्यांसमोर विचारायचे, "ये बाबा. शील धुऊन आलास का?" सगळी खोली हसायची. पोरगा कानापर्यंत लाल व्हायचा.

आणि आप्पा स्वतः मावा खायचे. खात्यात रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय. कॉलनीत कधीच नाही. कामाच्या ठिकाणी, परत येताना पुलाच्या अलीकडे तोंड धुऊन. हे फक्त आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. आक्का विहारात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायच्या, आणि पाचवं शील आलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. तेव्हा मला ती त्यांची लकब वाटायची.

खातं सुटल्यावर आप्पा वेसूला एका मोठ्या बिल्डिंगमध्ये वॉचमन झाले. तिथूनच शेठ आला.

वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं मुलीसाठी एक परदेशी प्राणी घेतला होता. मूठभर, अंगभर काटे, टोकदार नाक. मुलगी शिकायला बाहेर गेली. तिच्या आईनं खोका आप्पांच्या हातात दिला, "ले जाओ काका, ये तो सोता ही रहता है." आप्पा तो खोका मांडीवर घेऊन सिटी बसनं आले. कॉलनी गोळा झाली. कोणी म्हणालं साळिंदर आहे, काटे फेकतं, लांब व्हा. शेजारच्या गुजराती मावशींनी लगेच ओळखलं, "अरे, आ तो शेळो!" म्हणजे हेजहॉग, त्यांच्या गावाकडे शेतात निघतो म्हणे.

नाव आप्पांनीच ठेवलं. "दिवसभर झोपतो, दुसऱ्यानं आणून दिलेलं खातो, आणि जवळ गेलं की काटे काढतो. शेठच आहे हा." खात्याच्या मालकाचा राग त्यांनी असा काढला. रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी, पेटीत डोकावून, मोठ्या आवाजात, "शेठ जेवना का?"

त्याचं खाणं म्हणजे मांजराचं सुकं खाणं, थोडं उकडलेलं अंडं, आणि अडाजणच्या दुकानात मिळणाऱ्या अळ्या. अळ्यांवरून माझ्या वडिलांनी त्यांना एकदा कोंडीत पकडलं. "आप्पा, पहिलं शील काय झालं? जिवंत जीव मारता?"

आप्पांनी चमच्यानं अळी बशीत ठेवली. "मी कुठं मारतो? मारतो तो शेठ. शेठनं कुठं शील घेतलंय?"

शेठच्या जेवणात काही फरक पडला की आप्पा मला खाली बोलवायचे, कारण मोबाइलवरचं इंग्रजी वाचणारी मी. आला त्या आठवड्यात त्यानं बशीला तोंडच लावलं नाही. आप्पा म्हणाले, माहेरची आठवण येते आहे. मी वाचून सांगितलं, जागा बदलली की हे असं होतं, खाणं तेच ठेवा, त्याला सारखं उचलू नका. आप्पांनी सगळं ऐकलं, आणि शिवाय वेसूच्या त्या मुलीच्या आईकडून मुलीच्या खोलीतलं एक जुनं फडकं मागून आणून पेटीत घातलं. शेठ खायला लागला. माझ्या सल्ल्यानं की फडक्यानं, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

पुढे एका थंडीत तो पार गोळा होऊन पडला, अंग गार, अन्न तसंच. वडील म्हणाले, संपलं. आप्पा म्हणाले, थंडीची झोप घेतोय, अस्वलं घेतात तशी, झोपू द्या. दोघंही चुकीचे होते. ह्या जातीला ती झोप मानवत नाही, त्यातून उठत नाहीत, असं मी वाचलं आणि जिन्यावरूनच ओरडले. आक्कांनी गरम पाण्याची बाटली गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून त्याच्या बाजूला ठेवली. संध्याकाळपर्यंत नाक हललं. आप्पांनी त्या दिवशी ड्यूटी बुडवली. पेटीजवळ मांडी घालून बसले होते, आणि त्यानं पहिला दाणा फोडला तसे म्हणाले, "ऐक ग्रॅज्युएट. जनावर नखरा करत नाही. खात नसेल तर कारण असतं. माणूस खोटं बोलतो, बशी खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढच्या रविवारी विहारातही ऐकायला मिळालं.

त्याच सुमारास त्यांची स्वतःची बशी बोलायला लागली होती. भाकरी बंद झाली. मग पोळी दुधात कुस्करून. मग खिचडी, तीही आक्कांनी घोटलेली. तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी. खान्देशातला माणूस, ज्यानं जन्मभर ठेच्याशिवाय घास घेतला नाही, तो कढीभात खायला लागला, आणि कॉलनीनं काय म्हणावं? आप्पा आता साधुसंत झाले. वंदनेत शब्द दातांतून यायला लागले, तर म्हणाले कवळी करायची आहे. तोंड उघडेना. तोंडापुढे रुमाल आला. आणि ज्या माणसानं आम्हाला दाणा न दाणा वाचायला शिकवलं, त्याचं ताट कोणी वाचलं नाही, कारण आप्पा आणि मावा ह्या दोन गोष्टी एकत्र कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यांनीच ते अशक्य करून ठेवलं होतं.

मग चलथाणचं लग्न आलं.

आप्पांची बहीण गया आत्या चलथाणला राहते. नवरा साखर कारखान्यात होता. तिच्या मुलीचं लग्न, मुलाकडचे नंदुरबारचे. आता आमच्यातले रुसवे माहीत नसतील तर सांगते. लग्नात कोणीतरी सोयरा मानपानावरून रुसतो, पंगतीतून उठतो, मग टोपी, टॉवेल, शर्टाचं कापड देऊन, हातापाया पडून त्याला परत बसवतात. आमच्या कॉलनीतून ही पद्धत बंद केली ती आप्पांनी. "आपण धम्म घेतला आणि रुसवे तेवढे जुने ठेवले का?" असं म्हणून त्यांनी किती लग्नांत लोकांना गप्प बसवलं होतं. ह्या लग्नातही आधी बजावलं होतं, टोपी नाही, टॉवेल नाही, कोणी रुसायचं नाही.

वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. मुलीचा मामा म्हणून आप्पांना व्याह्यांच्या समोर बसवलं. दोघांनी एकमेकांना घास भरवायचा. व्हिडिओवाल्यानं दिवा लावला. मुलाच्या वडिलांनी तुपात भिजवलेल्या बट्टीचा चांगला मोठा घास केला आणि आप्पांच्या तोंडाशी नेला. "घ्या मामा, आ करा."

आप्पांनी तोंड फिरवलं.

व्याह्यांना वाटलं गंमत करतात. "घ्या हो, एवढं काय!" घास पुन्हा ओठांना लागला. आप्पा ताटावरून उठले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर तोंड उघडत नाही हे दिसलं असतं.

पंगत थांबली. मग कोणीतरी तो शब्द उच्चारला, आणि तो वणव्यासारखा पसरला. "मामा रुसले! मामा रुसले!"

"आमचं काय चुकलं?" मुलाचे वडील हात जोडून उभे. "बोला ना, काय कमी पडलं?"

"काय कमी पडलं म्हणजे? साधी टोपी नाही मामाला," मागून एक म्हातारा म्हणाला.

"अरे पण त्यांनीच नको सांगितलं होतं!"

"सांगायचं असतं तसं. द्यायचं असतं."

तरुण पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. ज्यांना आप्पांनी शील धुऊन आला का म्हणून विचारलं होतं, तीच. गया आत्या रडत धावत आली आणि भावाच्या पायावर पडली. "दादा, मनी पोरना लगनमा असं नको करू रे!" कोणीतरी मोटरसायकल काढून टोपी, टॉवेल आणि कापड घेऊन आलं.

आप्पांनी आधी बहिणीकडे बघितलं आणि मग सगळ्या मांडवाकडे. अजूनही एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांनी मान वाकवली. मुलाच्या वडिलांनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. टाळ्या पडल्या. "मामाचा रुसवा गेला!" मग घास पुन्हा पुढे आला, तेव्हा आक्का मध्ये पडल्या. "त्यांचा उपास आहे," त्या म्हणाल्या. बौद्ध माणसाचा, लग्नात, उपास. तरी कोणी काही विचारलं नाही. रुसवा मिटला होता, लोकांना पंगत हवी होती.

थोड्या वेळानं मी हात धुवायला मांडवामागं गेले. तिथं उभ्या टेम्पोच्या आडोशाला आप्पा बसले होते, डोक्यावर ती टोपी तशीच. आक्का स्टीलच्या ग्लासात वरणाचं वरवरचं पाणी घेऊन त्यांना पाजत होत्या. मला बघून आप्पांनी आधी टोपी काढली. मग रुमाल तोंडाला लावला. आक्का म्हणाल्या, "घसा बसलाय त्यांचा." मी "बरं" म्हटलं.

त्या लग्नानंतर आप्पांनी विहारात वंदना घेणं सोडलं. ड्यूटी बदलली असं सांगितलं. कॉलनीत गोष्ट पसरलीच होती, मानपान बंद करणारे आप्पा टोपीसाठी उठले. माझ्या वडिलांनी दोन-चार जणांशी त्यावरून भांडण केलं आणि घरी येऊन म्हणाले, "तरी आप्पांनी असं करायला नको होतं."

मग शेठनं खाणं सोडलं. म्हणजे सोडलं असं आप्पा म्हणायचे. मी खाली गेले तर बशीभोवती चुरा होता. तो बशीपाशी यायचा, दाणा उचलायचा, एका बाजूनं चावायचा, पाडायचा, परत उचलायचा. पंज्यानं तोंड घासायचा. अळी मात्र चटकन घ्यायचा, मऊ असते ना. मी म्हटलं, "आप्पा, याला भूक आहे. काहीतरी दुखतंय."

"नाही," आप्पा रुमालाआडून म्हणाले. "रुसलाय."

"जनावर नखरा करत नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

"हा करतो. शेठ आहे. परवा मी लग्नाला गेलो, एकटा ठेवला, म्हणून रुसला."

आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो. मग याला पण टोपी आणा एक."

मी आक्कांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

त्यांनी रुसवा काढायचे सगळे उपाय केले. अंडं दिलं, ते थोडं गेलं. नवं फडकं घातलं. अळ्या जास्त आणल्या. बशी बदलली. दाणा दातांखाली आला की शेठ पाडतच होता, आणि रोज हलका होत होता. शेवटी मी सुट्टी टाकली, पेटी उचलली आणि म्हटलं, चला.

अडाजणचा डॉक्टर तरुण होता, गुजराती-हिंदी मिसळून बोलायचा. शेठनं त्याच्या टेबलावर गेल्या गेल्या काट्यांचा चेंडू केला. आप्पा म्हणाले, "देखो, गुस्सा है."

"गुस्सा नथी काका, डर है," डॉक्टर म्हणाला. "मुंह देखे बिना कुछ नहीं बोलूंगा." त्यानं शेठला एका झाकणाच्या डब्यात ठेवून थोडा भुलीचा गॅस सोडला. चेंडू हळूहळू सैल झाला. मग त्यानं बारीक चिमट्यानं ओठ वर केला आणि आम्हाला जवळ बोलावलं. मागचा एक दात सडला होता, हिरडी सुजून त्यावर आली होती. "ये देखो. खाना छोड़ा नहीं है इसने. खा नहीं पा रहा. दोनों में बहुत फर्क है. और थोड़ा लेट लाते तो गया होता." दात तो लगेच तिथंच काढणार होता. पुढे काही दिवस खाणं कोमट पाण्यात भिजवून द्यायचं होतं.

आप्पा त्या उघड्या तोंडाकडे बघत होते. मी हिशेबाच्या नोकरीतली बाई, मला माणसांची तोंडं वाचता येत नाहीत, पण त्या वेळी ते मला दिसलं. हेवा म्हणावा असं काहीतरी.

परतताना रिक्षात पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. तापीचा पूल ओलांडला. आप्पांनी रुमाल खाली घेतला, आणि रिक्षाच्या घरघरीत ऐकू येईल एवढ्याच, म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात हळू आवाजात म्हणाले, "ग्रॅज्युएट, मनं पण उघडत नही."

मी काय ते विचारलं नाही. आधी रिक्षावाल्याला गाडी वळवायला सांगितलं.

मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत शिकाऊ डॉक्टर मुलीनं त्यांना तोंडात उभी बोटं घालून बघायला सांगितलं. निरोगी माणसाची तीन जातात. आप्पांचं एकसुद्धा पुरतं गेलं नाही. गालाच्या आतल्या बाजूला जखम होती, आणि ती जुनी होती. "क्या खाते हो?" तिनं विचारलं. आप्पांनी आधी मागे वळून रांगेत कॉलनीतलं कोणी आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "सुपारी. कभी कभी." तिनं पेन खाली ठेवलं आणि नुसती वाट बघत राहिली. अशी तोंडं ती रोज बघत असणार. आप्पांनी "मावा" म्हटलं तेव्हा त्यांच्या मानेवर घाम होता.

पुढचं लांबवत नाही. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, उशीर झालेला होता. शेठ मात्र भिजवलेलं खाऊन चांगला गुटगुटीत झाला. कॉलनीत "घसा" सांगायचं असं आक्कांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून ठरवलं होतं. आप्पांचं नाव राहिलं पाहिजे, वडील म्हणाले. दोन नातींची लग्नं व्हायची आहेत, आक्का म्हणाल्या. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवत होते.

मी शेवटची गेले ती दुपारी. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवर एकाच प्रकारची माणसं होती, जबडे बांधलेली, नाकात नळ्या. कोणी ट्रक चालवणारा, कोणी हिरे घासणारा. आप्पा उशीला टेकून बसले होते. आवाज आता फक्त त्यांच्या जवळ बसणाऱ्यालाच ऐकू येईल एवढा उरला होता. आक्कांनी गाळलेलं वरणाचं पाणी मोठ्या सिरिंजमध्ये भरलं आणि नळीचं टोपण काढलं.

आप्पांनी मला हातानं खूण केली. तिकडं बघ.

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे आक्कांच्या बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

"ग्रॅज्युएट. फिर इकडं."

मी फिरले. आक्कांचा हात त्यांनी धरून ठेवला होता. पट्टीच्या कडेनं, एकेक शब्द सोडवत ते म्हणाले, "कॉलनीत काय सांगतात?"

"घसा," मी म्हटलं.

"घसा नाही. तोंड. मावा." श्वास घ्यायला ते थांबले. "पाचवं शील सांगायचो ना मी. त्या पोरांना सांग."

"कशाला हो आता," आक्का म्हणाल्या. "झाकलेलं झाकलेलं राहू द्या की."

"आणि मी रुसलो नव्हतो," आप्पा म्हणाले. "गयाला सांग. घास चांगला होता."

आक्का सिरिंज धरून तशाच उभ्या होत्या, डोळ्यांना पाणी लागलेलं. आप्पांनी त्यांचा हात सोडला.

"ओत," ते म्हणाले. "तिला बघू दे."

आक्का ओतायला लागल्या. पिवळं पाणी नळीतून हळूहळू वर चढलं, वळलं, आणि आप्पांच्या नाकापाशी गेलं. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे.